डिजिटल चलनाला स्वतःचं चिन्ह हवं का? एका फॉन्टवाल्याचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक गट नवं डिजिटल चलन काढतोय. लोगो तयार आहे, चार अक्षरी संक्षेपही ठरलाय. आता त्यांना वाटतंय की $ किंवा € सारखं आकड्यापुढे लिहिता येईल असं स्वतःचं चिन्ह असल्याशिवाय आपल्या चलनाला कोणी चलन मानणार नाही. असं चिन्ह खरंच लागतं का, आणि लागत असेल तर ते युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला आणि खुणेला एक क्रमांक देणाऱ्या जागतिक संचात, कसं घालायचं?

मी फॉन्ट बनवतो. गेल्या वीसेक वर्षांत रुपया, लिरा, रूबल, लारी, बिटकॉइन अशी नवी चिन्हं एकामागून एक आली, आणि दर वेळी जुन्या फॉन्टच्या फायली उघडून ती आत बसवायचं काम माझ्यासारख्यांच्या गळ्यात पडलं. तेव्हा उत्तर थोडं कामगाराच्या बाजूचं असणार, हे आधीच सांगतो. बहुतेक डिजिटल चलनांना स्वतःचं चिन्ह लागत नाही. एकाला लागत होतं, त्याला ते मिळालं. बाकीच्यांचं घोडं भलतीकडेच अडलंय.

ही चिन्हं आली कुठून ते आधी बघा. $ कोणी बसून डिझाइन केलेला नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत स्पॅनिश पेसो चालायचे. हिशेब लिहिणारे पेसोसाठी 'पी' आणि त्याला चिकटून 'एस' असा संक्षेप लिहीत. दिवसातून शंभर वेळा तेच लिहायचं, हाताला घाई. दोन्ही अक्षरं एकमेकांवर चढली, पी चं पोट गळून पडलं, नुसती उभी रेघ एस मधून गेली. £ म्हणजे लॅटिन 'लिब्रा'मधला एल, आणि त्यावरची आडवी रेघ म्हणजे 'हा संक्षेप आहे' एवढीच खूण. जुन्या ब्रिटिश हिशेबात पेनीसाठी डी लिहीत, तो रोमन 'देनारियस'चा. १५ फेब्रुवारी १९७१ ला तिथे दशमान पद्धत आली तेव्हा तो डी गेला आणि पी आला. ही सगळी घासून घासून गुळगुळीत झालेली अक्षरं आहेत. चलनाने ती मागितली नव्हती, लिहिणाऱ्या हाताला ती हवी होती.

डिजिटल चलनाच्या बाबतीत हा हातच नाही. रक्कम प्रोग्रॅम लिहितो, आणि प्रोग्रॅमला चार अक्षरं लिहायचा कंटाळा येत नाही.

यावर कोणी म्हणेल, € आणि ₹ तर ठरवून केलेली चिन्हं आहेत, ती कशी रुळली? खरं आहे. १२ डिसेंबर १९९६ ला युरोपीय आयोगाने युरोचं चिन्ह जाहीर केलं ते अगदी मोजमापांसह: वर्तुळाचा कंस केवढा, आडव्या रेघा कुठे कापायच्या, निळ्यावर पिवळा रंग कोणता. फॉन्टवाल्यांनी ते माप नम्रपणे बाजूला ठेवलं आणि आपापल्या अंकांच्या रुंदीचं € काढलं. नाही तर रकमांच्या रकान्यात ते चिन्ह शेजारच्या आकड्याला कोपर मारत बसलं असतं. ₹ ची निवड १५ जुलै २०१० ला जाहीर झाली आणि त्याच ऑक्टोबरमध्ये ते युनिकोड ६.० मध्ये होतं. इतकी घाई झाली ती सरकारने ठरवलेलं चिन्ह उद्यापासून कोट्यवधी लोक लिहिणार, हे कोणालाही दिसत होतं म्हणून. तरीही मधले काही महिने गमतीचे होते. कोणी तरी एक फॉन्ट फिरवला, त्यात कीबोर्डवरच्या उलट्या टिंबासारख्या खुणेच्या जागी ₹ चं चित्र बसवलेलं. ज्याच्याकडे तो फॉन्ट त्याला रुपया दिसे, इतरांना रकमेआधी नुसतं एक तिरकं टिंब. चित्र आणि अक्षर यांतला फरक समजून घ्यायला याहून सोपं उदाहरण नाही.

आता बिटकॉइनकडे येऊ. ₿ हे चिन्ह जून २०१७ मध्ये युनिकोड १०.० मध्ये आलं. २०११ मध्येही एक प्रयत्न झाला होता, तो पुढे सरकला नाही. २०१५ च्या अखेरीस केन शिरिफ या अभियंत्याने नव्याने प्रस्ताव मांडला आणि तो मंजूर झाला. मधल्या चार वर्षांत काय बदललं? माझ्या मते एकच गोष्ट. लोक वाक्याच्या मध्ये, साध्या मजकुरात, आकड्याच्या शेजारी ते चिन्ह वापरू लागले होते आणि त्याचे नमुने दाखवता येत होते. चिन्ह नसल्याने कोणी थायलंडच्या बाथचं ฿ वापरत होतं, कोणी रेघ मारलेला बी, कोणी चित्र चिकटवत होतं. युनिकोड समितीला हेच बघायचं असतं. 'हे चिन्ह सुंदर आहे' किंवा 'आमचं चलन मोठं होणार आहे' हा त्यांच्या लेखी मुद्दाच होत नाही. मजकुरात हे लिहिलं जातंय आणि लिहिताना लोकांची अडचण होतेय, हे दिसलं पाहिजे. कंपन्यांचे लोगो तर ते घेतच नाहीत. शिवाय एकदा दिलेली जागा परत घेतली जात नाही, चिन्हाचं नावही बदलत नाही, त्यामुळे समिती हात आखडता ठेवते ते बरोबरच आहे. चलनचिन्हांसाठी राखलेल्या मुख्य गटात जागा आहेत ४८, आणि त्यातल्या तिसाहून जास्त भरल्या आहेत. गरज पडली तर चिन्ह दुसऱ्या गटात ठेवता येतं, जागेची अडचण नाही. पण बाजारात डिजिटल नाणी हजारोंनी आहेत आणि त्यातली कितीतरी वर्ष-दोन वर्षांत मरतात. मेलेल्या प्रत्येक नाण्याचं थडगं प्रत्येक फॉन्टमध्ये कायमचं बांधायचं का?

आधीची थडगी आहेतच. ₠ हे चिन्ह तुम्ही कधी लिहिलंय? ते युरोच्या आधीच्या युरोपीय हिशेबी एककाचं. गटाची पहिलीच जागा त्याने अडवली आहे आणि ते जवळपास कोणी वापरत नाही.

₿ काढताना काय होतं तेही सांगतो, कारण लोगो आणि अक्षर यांतलं अंतर तिथेच कळतं. लोगो म्हणजे केशरी वर्तुळातला, उजवीकडे कललेला पांढरा बी. अक्षर मात्र सरळ उभं आहे, कारण फॉन्टचा स्वतःचा तिरका अवतार असतो आणि मुळातच तिरकं असलेलं चिन्ह त्यात आणखी झुकून पडल्यासारखं दिसतं. मग रुंदी. बी हे अंकांपेक्षा रुंद अक्षर आहे, म्हणून त्याला दाबून अंकाएवढं करायचं. मग त्या दोन उभ्या रेघा. $ सारख्या त्या आरपार नेल्या तर बी ची दोन्ही पोटं भरून जातात आणि ठळक वळणात नुसता काळा ठिपका उरतो. म्हणून त्या फक्त वर आणि खाली, छोट्या शिंगांसारख्या डोकावतात. देवनागरी अंकांच्या शेजारी ही शिंगं आणखी उंच वाटतात, कारण आपले अंक मुळात बसके. ₹ ला वरची आडवी रेघ असल्याने तो शिरोरेषेच्या रांगेत निमूटपणे बसतो. ₿ चं मात्र प्रत्येक फॉन्टमध्ये नव्याने जमवावं लागतं. एका ॲपसाठी मी हे सगळं नीट केलं आणि तिथल्या पडदा आखणाऱ्याने बटणातल्या ओळीची उंची इतकी आवळली की वरची आणि खालची शिंगं छाटली गेली. बटणावर राहिला नुसता बी. आठवडाभर कोणाच्या लक्षातही आलं नाही, आणि ज्यांच्या लक्षात आलं त्यांचं काही अडलंही नाही, कारण शेजारी 'बीटीसी' हा बिटकॉइनचा संक्षेप लिहिलेला होताच.

बाकीच्या नाण्यांनी काय केलं? त्यांनी अक्षरं उसनी घेतली. इथे जरा थांबतो, कारण उसनवारीचे परिणाम लोकांना दिसत नाहीत आणि माझ्या धंद्यात त्याच्या जखमा जुन्या आहेत.

सगळ्यात जुनी जखम जपानी येनची. १९६९ च्या जपानी मानक संचात येनला जागा हवी होती. इंग्रजी संचातली उलटी तिरकी रेघ तिथे कोणी फारशी वापरत नव्हतं, म्हणून तिच्या क्रमांकावर ¥ बसवला. तेव्हा ते शहाणपणाचं वाटलं असणार. पुढे संगणकाच्या फायलींचे पत्ते लिहायला नेमकी तीच उलटी रेघ वापरायचं ठरलं. परिणाम असा, की जपानी विंडोजवर वर्षानुवर्षं फायलींच्या पत्त्यात फोल्डरांच्या मध्ये येनची चिन्हं दिसत आली. पडद्यावर ¥ दिसतोय तो पैसा आहे की फोल्डरची वाट, हे क्रमांक बघून कळत नाही, संदर्भावरून ओळखायचं. पन्नास वर्षं उलटली तरी ते पूर्ण निस्तरलेलं नाही. एका क्रमांकावर दोन अर्थ बसवले की असंच होतं.

आता आजची नाणी बघा. डॉजकॉइनसाठी लोक आडवी रेघ मारलेला कॅपिटल डी लिहितात. दिसायला एक, पण युनिकोडमध्ये असे तीन डी आहेत: एक आइसलँडिक भाषेचा, एक क्रोएशियन आणि व्हिएतनामी लिहायला लागणारा, एक पश्चिम आफ्रिकेतल्या भाषांचा. तिन्हींची कॅपिटल रूपं पडद्यावर जवळपास सारखी आणि छोटी रूपं तीन निराळी. दोन माणसांनी एकाच नाण्याची रक्कम लिहिली आणि एकाने पहिला डी घेतला, दुसऱ्याने दुसरा, तर शोध घेताना एकाची नोंद सापडेल आणि दुसऱ्याची हरवेल. दोघेही पडद्याकडे बोट दाखवून सांगतील, हे बघा, सारखंच तर आहे!

लाइटकॉइनने पोलिश भाषेतला रेघ मारलेला एल घेतला. ईथरने ग्रीक लिपीतलं कॅपिटल 'क्साय' घेतलं, म्हणजे एकाखाली एक तीन आडव्या रेघा. ग्रीक माणसाला ते अक्षर दिसतं, गणितवाल्याला 'तंतोतंत बरोबर'ची खूण दिसते, मोबाइल वापरणाऱ्याला मेन्यूचं बटण दिसतं आणि चिनी वाचणाऱ्याला तो सरळ तीनचा आकडा वाटू शकतो. रकमेच्या तोंडावर तीनच्या आकड्यासारखं दिसणारं चिन्ह ही कल्पना मला कधीच झेपली नाही. टेदरने मंगोलियाच्या तुग्रिकचं ₮ घेतलं, जे आजही चालू चलनाचं चिन्ह आहे. कार्डानोने ₳ घेतलं, ते अर्जेंटिनाच्या ऑस्ट्रालचं. ऑस्ट्राल १९८५ मध्ये आला आणि महागाईच्या लोंढ्यात काही वर्षांत वाहून गेला. या सगळ्यांत तेवढी एक उसनवारी मला पटते. मूळ मालकच उरला नाही, चिन्ह चलनाचंच आहे, फॉन्टमध्ये आधीपासून आहे.

कारण चलनाचं चिन्ह आणि अक्षर यांत युनिकोडच्या लेखी फरक आहे. प्रत्येक खुणेला एक प्रवर्ग असतो, आणि चलनचिन्हांचा प्रवर्ग वेगळा. मजकुरातून रकमा वेचणारे प्रोग्रॅम त्या प्रवर्गाकडे बघतात. त्यांना ₿ हा पैसा दिसतो आणि ग्रीक 'क्साय' हे कुठल्या तरी शब्दातलं अक्षर वाटतं. दुसरं म्हणजे अक्षराला छोटं रूप असतं. एखाद्या प्रणालीने सगळा मजकूर छोट्या लिपीत आणायचा ठरवला की ₿ जसाच्या तसा राहतो, पण क्सायच्या तीन रेघांचा वळणावळणाचा ग्रीक साप होतो आणि डी चं काही तरी भलतंच. चिन्हाने रात्रीतून रूप पालटलं तर त्याला चिन्ह कसं म्हणायचं? अंध वाचकांसाठीचा वाचक प्रोग्रॅम तर अशा ठिकाणी कधी अक्षराचं नाव घेतो, कधी गप्पच बसतो. ऐकणाऱ्याला रक्कम कळते, कशाची ते कळत नाही.

उसनवारी नको म्हणून काही जण तिसरी वाट धरतात, ती सगळ्यात वाईट. युनिकोडमध्ये एक लाखाहून जास्त जागा खासगी वापरासाठी मोकळ्या ठेवल्या आहेत. तिथे कोणी काहीही बसवावं. ॲपलचा लोगो तिथलाच, म्हणून तो ॲपलच्या यंत्रांवर दिसतो आणि इतरत्र चौकोन दिसतो. काही वर्षांपूर्वी एका ग्राहकाने त्यांच्या टोकनचं, म्हणजे डिजिटल नाण्याचं, चिन्ह अशाच एका जागी बसवून मागितलं. मी समजावून बघितलं, मग मुकाट्याने बसवलं. आमच्या फॉन्टमध्ये छान दिसायचं. मग त्यांच्या हिशेबाचे उतारे ईमेलने बाहेर जाऊ लागले. ईमेलबरोबर फॉन्ट जात नाही. बहुतेकांना रकमेआधी रिकामा चौकोन दिसला, ज्याला आमच्या धंद्यात टोफू म्हणतात. पण एका लेखापालाच्या प्रणालीत बटणांच्या चित्रांचा फॉन्ट होता आणि त्या फॉन्टनेही नेमकी तीच खासगी जागा वापरलेली होती. त्या माणसाला प्रत्येक रकमेपुढे कचऱ्याच्या डब्याचं चित्र दिसत होतं. त्याने फार सभ्य शब्दांत विचारलं की या रकमा रद्द समजायच्या का. दुसऱ्या दिवशी आम्ही चिन्ह काढून तीन अक्षरं घातली.

म्हणून मी संक्षेपाच्या बाजूचा आहे. 'डिजिटल' शब्द कानावर आला की लोकांना संक्षेप जुनाट वाटतो, पण वेगळेपणा ओळखायचं काम चिन्हाने पूर्वीही धड केलेलं नाही. $ कितीतरी देशांचे डॉलर आणि पेसो मिळून वापरतात. ¥ येनलाही आणि युआनलाही चालतो. दोन देशांत व्यवहार करायचा म्हटला की बँका चिन्ह बाजूला ठेवून तीन अक्षरी कोडवर येतात. तो कोड आयएसओ ४२१७ या आंतरराष्ट्रीय मानकाचा, १९७८ पासून चालत आलेला. पहिली दोन अक्षरं देशाची, तिसरं चलनाचं. कुठल्याही देशाचं नसेल तर सुरुवातीला एक्स: सोनं एक्सएयू, चांदी एक्सएजी. याच नियमाने काही जण बिटकॉइनला एक्सबीटी लिहितात, कारण 'बीटीसी' काटेकोरपणे वाचलं तर बीटी म्हणजे भूतान. ईथरच्या 'ईटीएच'चंही तेच, ईटी म्हणजे इथिओपिया. या मानकाने बिटकॉइनला कोड दिलेला नाही. डिजिटल टोकनांसाठी २०२१ मध्ये आयएसओ २४१६५ हे वेगळं मानक आलं, त्यात प्रत्येक टोकनला नऊ खुणांची ओळख मिळते. ती माणसाने वाचायची नाही, यंत्रांनी आपसात बोलायची आहे. पण एकसारख्या नावाची दोन टोकनं असली तर घोळ तिथे मिटतो, चिन्हाने मिटत नाही.

आता खरं घोडं कुठे अडतं ते. जावास्क्रिप्ट या वेबपानांच्या प्रोग्रॅमिंग भाषेत रक्कम वाचकाच्या भाषेनुसार मांडून देणारी तयार सोय आहे. तिला चलन म्हणून 'बीटीसी' सांगा आणि ०.०००१२३४५ ही रक्कम द्या. ती काहीही कुरकुर न करता 'बीटीसी ०.००' असं छापते. अनोळखी चलनाला दोन दशांश स्थळं, हा तिचा नियम. म्हणजे पैसे आहेत आणि पडद्यावर शून्य. टेदरचा 'यूएसडीटी' हा संक्षेप सांगितला तर चौथं अक्षर बघून ती चुकीचा संदेश देऊन थांबतेच, कारण चलनाचा कोड तीनच अक्षरांचा असतो असं ती धरून चालते. येनला शून्य दशांश, डॉलरला दोन, कुवेतच्या दिनारला तीन, हे त्या यंत्रणेला माहीत आहे. बिटकॉइनला आठ आणि ईथरला अठरा, हे तिला कोणी शिकवलेलं नाही. चिन्हासाठी जेवढी सभा-संमेलनं झाली त्याच्या दहाव्या हिश्श्याने ही दशांशाची गोष्ट मार्गी लागली असती.

आणि यातूनच छोट्या एककाचा प्रश्न येतो, जो मला चिन्हाच्या प्रश्नापेक्षा मोठा वाटतो. एका बिटकॉइनचे १० कोटी सातोशी. लहान रक्कम बिटकॉइनमध्ये लिहिली तर शून्यांची माळ होते, आणि एक शून्य कमी-जास्त झालं तर डोळ्याला कळत नाही. सातोशीत लिहिलं की पूर्ण आकडा मिळतो. म्हणजे ज्याला रोज हाताने, मेसेजमध्ये, वाक्यात लिहायची वेळ येते ते सातोशी, आणि चिन्ह नाही तेही त्यालाच. अनेक चिन्हं सुचवली गेली, एकही रुळलं नाही. लोक 'सॅट्स' लिहून मोकळे होतात. २०२५ मध्ये बिटकॉइनच्या सुधारणा प्रस्तावांत १७७ क्रमांकाने आलेली सूचना तर म्हणते की सातोशी हे नावच सोडा, सगळ्यात लहान एककाला बिटकॉइन म्हणा आणि ₿ पूर्ण आकड्यापुढे लावा. हिशेबाच्या दृष्टीने ते साफसुथरं आहे. पण मला मध्यंतराची भीती वाटते. ज्या काळात काही पडद्यांवर ₿१ म्हणजे पूर्वीचा एक बिटकॉइन आणि काहींवर त्याचा दहा कोटीवा भाग असेल, त्या काळात ते चिन्ह नसलेलं परवडेल. सेंटच्या ¢ चं काय झालं आठवा. टाइपरायटरवर ते होतं, १९६३ च्या अमेरिकन मानक संचात त्याला जागा मिळाली नाही, आणि बघता बघता लोक सेंटही डॉलरच्या दशांशात लिहू लागले. लहान एककाचं चिन्ह जगवायचं तर ते कीबोर्डवर लागतं.

मध्यवर्ती बँकांच्या डिजिटल चलनांबद्दल फार लिहायची गरज नाही. ते नवं चलन नाहीच, त्याच चलनाचं नवं रूप आहे, आणि नोट व नाणं यांना आपण वेगळी चिन्हं देत नाही. चीनचं डिजिटल युआन ¥ च वापरतं. रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या अखेरीस डिजिटल रुपयाची चाचणी सुरू केली तेव्हा ₹ आधी एक छोटा इंग्रजी ई लावून भागवलं, तेही रूप सांगण्यापुरतं. संयुक्त अरब अमिरातीने मार्च २०२५ मध्ये दिरहमचं नवं चिन्ह दाखवलं आणि त्याच वेळी डिजिटल दिरहमसाठी तेच चिन्ह ध्वजाच्या रंगांच्या वर्तुळात. वर्तुळ आणि रंग असला की ती चकती झाली. पडद्यावर शोभेल, पण वाक्यात लिहिताना साधं दिरहमचं चिन्हच कामाला येणार.

डॉलरला बांधलेल्या टोकनांचं मात्र वेगळं म्हणणं आहे माझं. त्यांच्या ॲपमध्ये शिल्लक सरळ $ लावून दाखवतात. इथे वेगळं काही तरी हवंच, पण तेही संक्षेपानेच. मार्च २०२३ मध्ये सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली, यूएसडीसी या अशाच एका टोकनच्या राखीव रकमेपैकी सुमारे ३३० कोटी डॉलर तिथे होते, आणि एक डॉलरचं ते टोकन ८८ सेंटच्या आसपास उतरलं. काही दिवसांत ते सावरलं. टेरायूएसडी हे असंच दुसरं टोकन त्याच्या आदल्या वर्षी, मे २०२२ मध्ये, कोसळलं ते सावरलंच नाही. पडद्यावर $१०० दिसत असताना हातात प्रत्यक्षात काय आहे? कोणी तरी दिलेलं शंभर डॉलरचं वचन. वचनाला डॉलरचं चिन्ह लावणं मला उसन्या अक्षरांपेक्षाही जास्त खटकतं.

एवढं सांगूनही तुम्हाला चिन्ह हवंच असेल, तर युनिकोडकडे आधी जाऊ नका. आधी आपल्याच माणसांना रोजच्या मेसेजमध्ये संक्षेप लिहू द्या. वर्षभराने त्यांनी तो आपोआप छोटा केला, दुसरंच एखादं अक्षर वापरायला लागले, वर रेघ मारायला लागले, तर ते नमुने जपून ठेवा. तोच तुमचा पुरावा. कोणत्याही कंपनीचा त्या आकृतीवर ट्रेडमार्क नको, कारण मग फॉन्टवाले हात लावणार नाहीत. काळ्या-पांढऱ्यात, एका रंगात, बारा पिक्सेल उंचीत ते ओळखू आलं पाहिजे. मंजुरी मिळाल्यावरही फॉन्ट, मोबाइल आणि कीबोर्डपर्यंत पोचायला काही वर्षं जातात. ती वर्षं संक्षेपावरच काढायची आहेत.

तुम्ही प्रश्नात सांगितलेलं चिन्ह, म्हणजे गोल आणि त्यातून गेलेली तिरकी रेघ, मी उत्तर लिहायच्या आधी काढून बघितलं. मोठ्या आकारात देखणं आहे. मग बारा पिक्सेलवर आणून ५० या आकड्याच्या मागे ठेवलं, कारण अनेक भाषांत चिन्ह रकमेनंतर येतं. हिशेबाच्या आणि प्रोग्रॅमिंगच्या बऱ्याच फॉन्टमध्ये शून्य आणि ओ यांत गोंधळ होऊ नये म्हणून शून्याला नेमकी अशीच तिरकी रेघ असते. पडद्यावर मला स्वच्छ ५०० दिसले.